ऑक्टोबरमध्ये मेरीमॅक नदीच्या मुखाशी स्ट्राइप्ड बास: एकच दिवस हाताशी आहे, तो कसा आखावा?

रावपुरेकर

नमस्कार. दसरा आटोपला की आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेला जाणार आहोत. त्याचे घर बॉस्टनच्या उत्तरेस आहे. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात एक दिवस मला मेरीमॅक नदीच्या मुखाशी, न्यूबरीपोर्ट या गावी, स्ट्राइप्ड बास गरवायला नेण्याचे त्याने कबूल केले आहे. त्याला स्वतःला या विषयात फारसे गम्य नाही. कचेरीतील सहकारी शरदातल्या या मासेमारीविषयी भरभरून बोलू लागले, तेव्हा त्याला वडिलांची आठवण झाली इतकेच. सुट्टी मात्र एकाच दिवसाची मिळेल, आणि तो दिवस कोजागिरीच्या आसपास ठेवता येईल असे दिसते.

मासे गरवण्याचा माझा अनुभव वासदजवळच्या महीपुरता आणि भरूचजवळच्या नर्मदेपुरता आहे, तोही बहुतेक हातदोरीचा. (आपल्या वडोद्याच्या विश्वामित्रीत मगरींमुळे गळ टाकून बसण्याचा विचार कोणी शहाणा करत नाही.) खंबातच्या आखाताची भरती मी पाहिलेली आहे, त्यामुळे पाणी चढते-उतरते म्हणजे काय हे ठाऊक आहे, परंतु त्या चढउताराचा आणि या विशिष्ट माशाचा संबंध कसा लावायचा हे कळत नाही. मुलगा म्हणतो, पहाटे लवकर गेलो की झाले. मला ते पटत नाही.

तेव्हा भरतीला जावे की ओहोटीला, काठावरून गरवावे की होडी ठरवावी, परवान्याचे काय, मिळालेला मासा घरी आणून खाता येतो का, आणि इथून काही साहित्य न्यावे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती. माझे वय त्रेसष्ट आहे आणि उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, हेही लक्षात घ्यावे.

कारेलीबागकर

रावपुरेकर, आपली शंका रास्त आहे. पहाट चांगली खरी, पण त्या नदीवर दिवस सूर्यावरून ठरवत नाहीत, ओहोटीवरून ठरवतात. माझी मुलगी त्याच भागात राहते आणि शरदात तिच्याकडे राहणे झाले की मी न्यूबरीपोर्टला जातोच, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हा मासा मेरीमॅकमध्ये पाहुणा असतो. त्याची पैदास प्रामुख्याने दक्षिणेकडच्या चेसापीक खाडीत मिळणाऱ्या नद्यांत, तसेच डेलावेअर आणि हडसन या नद्यांच्या गोड्या पाण्यात वसंत ऋतूत होते. त्यानंतर मोठे मासे किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस सरकत उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स आणि मेनपर्यंत येतात, आणि सप्टेंबरपासून पाणी निवू लागले की परतीच्या वाटेला लागतात. त्याच सुमारास उन्हाळाभर नदीमुखात वाढलेली बारीक मासळी, म्हणजे मेनहेडनची पिल्ले आणि सिल्व्हरसाइड नावाचे बोटभर लांबीचे चंदेरी मासे, समुद्राकडे निघालेली असते. पुढे लांबचा प्रवास करायचा असलेला बास या काळात अधाशासारखा खातो. आपण गरवायला जाणार ते या दोन प्रवासांच्या सांध्यावर.

आता नदीकडे पाहू. मेरीमॅकच्या मुखाच्या उत्तरेस सॉल्सबरीचा किनारा आणि दक्षिणेस प्लम आयलंड नावाचे लांबट वालुकामय बेट आहे. दोन्ही बाजूंनी दगडी बांध समुद्रात गेलेले आहेत. मुखाच्या आत, न्यूबरीपोर्ट गावाच्या खालच्या अंगाला, जोपा फ्लॅट्स हा उथळ चिखलाचा विस्तीर्ण पट्टा आणि त्याला लागून खारे गवताळ दलदलीचे क्षेत्र आहे. भरतीला हा सगळा भाग पाण्याखाली जातो आणि बारीक मासळी गवतात शिरते. ओहोटी लागली की तिला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसते. लहान ओघळींतून, तिथून मोठ्या नाल्यांतून आणि शेवटी मुख्य प्रवाहात ती रेटली जाते. उथळ पाणी जिथे एकदम खोल होते त्या काठावर, किंवा पुलाच्या खांबामागे, किंवा वाळूच्या दांड्याच्या उताराला बास प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला असतो. तो पाठलाग करत बसत नाही, भक्ष्य त्याच्याकडे वाहत येते. म्हणून भरती पूर्ण झाल्यानंतर साधारण दीड तासाने पाण्याला ओढ लागते तेव्हापासून ओहोटी संपेपर्यंतचा काळ आपण तिथे हजर असले पाहिजे. पाणी थांबले की खाणेही थांबते.

आपल्या कोकणातले कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. गमतीची गोष्ट अशी की बॉस्टनच्या किनाऱ्यालाही हे गणित बऱ्याच अंशी जुळते, फक्त ऑक्टोबरमध्ये तिथले घड्याळ एक तास पुढे केलेले असते, तेवढा तास मिळवावा. तरीही त्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक राहू शकते, त्यामुळे अंतिम वेळ नोआ या सरकारी संस्थेच्या कोष्टकातूनच घ्यावी. या गणिताचा उपयोग वेगळाच आहे. तिथे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास संपते, आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात सूर्यास्तही त्याच सुमारास असतो. ओहोटीचा शेवटचा टप्पा आणि सांजवेळ एकत्र येण्याचा हा योग अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, मिळत नाही. त्या दिवसांत पाण्याला जोरही कमी असतो. आपला दिवस कोजागिरीच्या आगेमागे येत असेल तर त्यात बदल करू नका. सकाळी घरी निवांत पोहे खा, दुपारी एकपर्यंत न्यूबरीपोर्टला पोहोचा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. पहाटे जायचेच असेल तर त्या दिवसांत उत्तररात्रीच्या ओहोटीचा शेवट पहाटे सापडतो, पण थंडीत काळोखात ओल्या खडकांवर उभे राहण्याचा सल्ला मी आपल्याला देणार नाही.

एक बारकावा राहिला. कोष्टकात छापलेली ओहोटीची वेळ ही पाण्याच्या पातळीची असते, प्रवाहाची नसते. नदीचे स्वतःचे पाणीही बाहेर पडत असल्याने मुखाशी पातळी सर्वांत खाली गेल्यानंतरही बराच वेळ पाणी बाहेर धावत राहते. पुष्कळ लोक कोष्टकातली वेळ झाली म्हणून सामान आवरतात, आणि उरलेला सर्वांत चांगला अर्धा-पाऊण तास शेजारच्या माणसाला देऊन जातात. नदीत वर हेव्हरिलकडे गेल्यास वेळा आणखी पुढे सरकतात.

दांडियाबाजार

गरवण्याविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे. मी नियमांबद्दल आणि स्वयंपाकघराबद्दल लिहिते, कारण आमच्या सीकेपी घरात मासा पाण्याबाहेर आल्यानंतरची जबाबदारी माझ्याकडे असते आणि जावयांमुळे हा मासा मी तिथे हाताळलेला आहे.

काका, प्रत्येक मासा घरी आणता येत नाही हे आधी मनाशी पक्के करावे. अटलांटिक किनाऱ्यावरील राज्यांनी २०२३ पासून समुद्रकिनारी आणि खाडीमुखांत हौशी मासेमारांसाठी एक मर्यादा घातली आहे. मासा २८ इंचांहून लहान किंवा ३१ इंच वा त्याहून मोठा असेल तर तो सोडून द्यावा लागतो, आणि या मापात बसणारा मासाही माणशी दिवसाला एकच ठेवता येतो. सेंटिमीटरमध्ये सांगायचे तर ७१ ते ७९ च्या मधला. तोंड मिटून, शेपटीची दोन टोके एकत्र दाबून, सपाट पट्टीवर लांबी घेतात. पोटाच्या गोलाईवरून टेप फिरवलेला चालत नाही. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात राज्याच्या मत्स्यविभागाच्या संकेतस्थळावर ते पुन्हा पाहावेत.

एवढी कडक मर्यादा कशासाठी, असे मलाही वाटले होते. १९७० च्या दशकाअखेर आणि १९८० च्या दशकात या माशाची संख्या इतकी घसरली की १९८४ साली त्याच्या रक्षणासाठी अमेरिकेच्या संसदेने स्वतंत्र कायदा केला आणि १९८५ मध्ये मेरीलँडने त्याच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली. १९९५ मध्ये साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. आता चेसापीकमध्ये २०१९ पासून पुन्हा पिल्लांची पैदास सातत्याने कमी होत आहे. मोठ्या माद्या सर्वाधिक अंडी देतात, म्हणून वरची मर्यादा. आपल्याकडे पाला (हिल्सा) माशाच्या बाबतीत असा काही विचार वेळीच झाला असता तर बरे झाले असते, पण तो विषय निराळा.

परवाना लागतोच. मॅसॅच्युसेट्समध्ये सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला खाऱ्या पाण्यातील मासेमारीसाठी तो काढावा लागतो. साठीच्या पुढच्यांना त्याचे शुल्क माफ आहे, परवाना माफ नाही, हा भेद लक्षात ठेवावा. तो संगणकावर काही मिनिटांत मिळतो. भाड्याच्या होडीवर गेल्यास होडीच्या परवान्यात गिऱ्हाइकांचा समावेश असतो.

खाण्याविषयी सांगायचे तर मांस पांढरे, घट्ट आणि जाड पाकळ्यांचे असते. त्याचे हिरव्या वाटणाचे कालवण फारच छान होते, आणि रवा लावून तळलेल्या तुकड्या तर जिताड्याची आठवण करून देतात. कोकमे मात्र इथून न्यावीत. मासा ठेवायचा ठरल्यास तिथेच कल्ल्यापाशी चिरून रक्त काढावे आणि लगेच बर्फात घालावा. दुपारभर काठावर पडलेला मासा कितीही मसाला लावला तरी सुधारत नाही. शिवाय या माशात पारा आणि पीसीबी नावाची रसायने साठतात, म्हणून तो वारंवार खाऊ नये, आणि गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता व लहान मुले यांनी टाळावा असा सल्ला किनाऱ्यावरील अनेक राज्यांचे आरोग्यविभाग देतात. कातडी, पोटाकडची चरबी आणि बाजूचा गडद मांसाचा पट्टा काढून टाकल्यास पीसीबी कमी होते. पारा मात्र मांसातच असल्याने तो जात नाही. सूनबाईंना दिवस गेलेले असतील तर तिच्या ताटात वाढू नये, हे स्पष्टच लिहिते.

नर्मदाकाठ

मी वयाने आपणा सर्वांपेक्षा लहान आहे, पण साहित्याच्या बाबतीत दोन शब्द लिहितो. नोकरीनिमित्त दोन वर्षे कनेटिकटमध्ये होतो आणि सुट्टीचा बहुतेक वेळ पाण्यावर घालवला.

रावपुरेकर काका, इथून काहीही नेऊ नका. आपला तंगूस आणि गळ शिंगाळ्याला ठीक आहेत, तिथे वापरायचे सामान वेगळे असते आणि ते न्यूबरीपोर्टच्या आसपासच्या दुकानांत सहज मिळते. काठावरून फेकण्यासाठी नऊ फुटांच्या आसपासची मध्यम ताकदीची काठी, ४००० ते ५००० क्रमांकाचे स्पिनिंग रीळ, त्यावर ३० पौंडी वेणीची दोरी आणि पुढे हातभर ३० ते ४० पौंडी फ्लोरोकार्बनचा तुकडा, एवढ्यावर दिवस भागतो. आमिष म्हणून एक औंसाच्या शिशाच्या डोक्याला लावलेला चार-पाच इंची रबरी मासा घ्यावा, शिवाय पांढऱ्या केसांचे बकटेल जिग असू द्यावे (शिशाचे डोके असलेल्या अशा बनावट आमिषाला जिग म्हणतात). संध्याकाळी मासे पाण्याच्या पृष्ठभागावर उसळत असतील तर पाण्यावर चालणारा पॉपरही हाताशी असावा. जिवंत वा कापलेले नैसर्गिक आमिष वापरायचे असेल तर सर्कल हुक सक्तीचा आहे. या गळाचे टोक आत वळलेले असते, त्यामुळे तो माशाच्या पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. इथे आपल्याला एक सवय मोडावी लागेल: दोरी ओढली गेली की आपण हिसका देतो, सर्कल हुकला हिसका दिला तर तो तोंडातून सरळ बाहेर येतो. दोरी ताणली जाऊ द्यावी आणि नुसते रीळ फिरवावे.

फेकण्याची रीत अशी. प्रवाहाला आडवे, किंचित वरच्या अंगाला फेकावे. जिग तळाकडे जाईपर्यंत थांबावे. मग पाणीच ते खाली वाहून नेते. आपण दोरीतली ढील तेवढी काढत राहायची. जिग तळाला अधूनमधून टेकल्याचे बोटाला जाणवले पाहिजे. वाळूचा दांडा संपून खोल पाणी सुरू होते तिथे ते टेकणे एकदम बंद होते, आणि दोरी खालच्या अंगाला पूर्ण ताणून जिग वळण घेत वर उठू लागते. फटका बहुतेक वेळा याच वळणावर बसतो. नवखे लोक नेमके त्याच क्षणी पुढच्या फेकीसाठी भराभर दोरी गुंडाळतात. तिथे चार-पाच सेकंद काहीही करू नये.

मासा हातात आला की हात ओले करून धरावा. याला कापणारे दात नसतात, जबड्याच्या कडेला कानशीसारखा खरखरीतपणा असतो. अंगठा तोंडात घालून खालचा ओठ धरला तरी चालतो, पण वजनदार मासा नुसत्या ओठावर लटकवू नये, दुसरा हात पोटाखाली द्यावा. अंगावर शेपटीपर्यंत गेलेले सात-आठ काळे पट्टे मोजण्याचा मोह होतो, तेव्हा पाठीवरचे काटे आणि कल्ल्याच्या झाकणाची धार सांभाळावी. तिथे ब्लूफिश नावाचा मासाही याच आमिषाला लागतो आणि त्याचे दात बोट सोलून काढतात, म्हणून कोणता मासा आहे हे पाहिल्याशिवाय अंगठा पुढे करू नये. आकडी किंवा भाला मारून मासा वर घेण्यास आता मनाई आहे, कारण तो सोडावा लागण्याचीच शक्यता अधिक.

कारेलीबागकर यांच्याशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. मेरीमॅकचा मोसम ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ओसरू लागतो. पाण्याचे तापमान १३ ते १८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते तोवर हा मासा जोमाने खातो, आणि ते दहाच्या खाली गेले की बहुतेक निघून जातो. दोन-तीन वादळी दिवस मधे आले तर एकाच आठवड्यात नदी रिकामी झालेली मी उत्तरेकडच्या मित्रांकडून ऐकली आहे. दिवस महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात ढकलला गेला तर मेरीमॅकचा हट्ट सोडून दक्षिणेस केप कॉड कालव्यावर जावे. तो कालवा म्हणजे नदी नव्हे, पण भरती-ओहोटीचा प्रवाह तिथे नदीपेक्षा जोरात धावतो, उत्तरेकडून परतणारे मासे त्यातून जातात, आणि काठाने डांबरी रस्ता असल्याने गुडघ्यालाही सोयीचे. कनेटिकटमधील हूसाटॉनिक आणि थेम्स या नद्यांत तर काही मासे हिवाळाभर मुक्काम करतात, पण एका दिवसासाठी ते अंतर जास्त होईल.

ताईंनी पाल्याचा उल्लेख केला म्हणून सांगतो. पालाही समुद्रातून नदीत चढणाराच मासा आहे, पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर भाडभूत-भरूचकडे येतो. पण तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे गळाला सहसा लागत नाही आणि त्याच्यासाठी जाळेच लागते. नर्मदेकाठी भरतीचा अंदाज घेणे आपल्याला जमत असेल तर त्याचा तिथे पूर्ण उपयोग होईल; मासा कुठे थांबेल याचा अंदाज मात्र नव्याने शिकावा लागेल.

रावपुरेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिवस पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ठरवत आहे, म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा लागण्याचा प्रश्न येणार नाही. मुलाला ओहोटीचे गणित समजावून सांगितले, तेव्हा त्याने दुपारी निघण्याचे विनातक्रार मान्य केले. पहाटे उठणे टळल्याचा आनंद त्याच्या आवाजात लपत नव्हता.

आता होडीचा प्रश्न उरला. त्याच्या एका मित्राची लहान मोटारबोट आहे आणि तो आम्हाला मुखाबाहेर समुद्रात नेतो म्हणतो. मुखाशी पाण्याची उंची किती बदलते हे पाहिले तर साधारण आठ फूट दिसते. खंबातच्या आखातात उधाणाच्या दिवसांत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, त्या मानाने हे काहीच नाही. तेव्हा होडीने जाण्यास हरकत नसावी असे वाटते. शिवाय गुडघ्यासाठी वाळूत उभे राहण्यापेक्षा बसणे बरे.

कारेलीबागकर

हरकत आहे, आणि ती गंभीर आहे. पाणी किती फूट चढते यावर धोका ठरत नाही. मेरीमॅकच्या मुखाशी वाळूचा उथळ बार आहे. ओहोटीचे सगळे पाणी दोन दगडी बांधांमधल्या चिंचोळ्या वाटेतून बाहेर पडताना त्या बारवर येते, आणि त्याच वेळी समुद्रावरून पूर्वेचा किंवा ईशान्येचा वारा आत येत असेल तर समोरासमोर आलेल्या लाटा आणि प्रवाह यांमुळे उभ्या, जवळजवळ, फुटणाऱ्या लाटा तयार होतात. लहान होडी त्यात आडवी झाली की उलटते. हे मुख त्यासाठी कुप्रसिद्ध आहे आणि तिथे तटरक्षक दलाचे केंद्र उगाच नाही. आपण गरवण्यासाठी निवडलेली जोरदार ओहोटीची वेळ हीच बार ओलांडण्यासाठी सर्वांत वाईट वेळ असते. मित्राला नदीच्या आतच, जोपा फ्लॅट्सच्या काठाने किंवा पुलांच्या बाजूला नेण्यास सांगावे. मासे तिथेही असतात, आणि वाराही कमी लागतो.

होडीत लाइफ जॅकेट अंगात असावे, बाकाखाली नव्हे. पाणी त्या दिवसांत तेरा-चौदा अंशांचे असते. माणूस पट्टीचा पोहणारा असला तरी कपड्यांसह त्या पाण्यात पडल्यावर हातपाय फार वेळ साथ देत नाहीत. कयाक घेण्याचा विचार असेल तर १५ सप्टेंबर ते १५ मे या काळात त्या राज्यात कयाकमध्ये जॅकेट घालणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

भाड्याची होडी ठरवण्याचा पर्याय कोणी सुचवेल, म्हणून आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा अनुभव सांगतो. होडीवाल्याने त्यांना सकाळी आठ ते बारा ही वेळ दिली आणि त्या दिवशी ते चारही तास भरतीचे निघाले. पैसे परत मागण्याची सोय नव्हती, कारण कबूल केलेले चार तास त्याने दिले होते. होडी ठरवण्याआधी त्या तारखेला भरती केव्हा आहे हे आपण स्वतः पाहून त्याच्याशी बोलावे.

काठावरूनच गरवायचे असेल तर सॉल्सबरीच्या बाजूला राज्य सरकारचे राखीव उद्यान आहे. तिथे गाडी ठेवून मुखाच्या आतल्या वाळूवर थोडे चालत जाता येते आणि दगडी बांधावर चढावेही लागत नाही. बांधाचे दगड शेवाळाने निसरडे असतात, गुडघ्याचा त्रास असताना तिकडे फिरकू नये. जोपाच्या चिखलात उतरण्याचा मोहही टाळावा. ओहोटीला बाहेर गेलेला माणूस पाणी परत चढू लागल्यावर मागच्या नाल्याकडे बघत उभा राहतो. घडीची खुर्ची बरोबर न्या. प्रवाह आपल्यासमोरून वाहत असेल तर बसून फेकण्यात काहीच कमीपणा नाही.

दांडियाबाजार

काका, कपड्यांचे लिहायचे राहिले. वडोद्यात त्या वेळी अजून ऑक्टोबर हीट असते, तिथे सूर्यास्तानंतर पारा दहाच्या खाली जाऊ शकतो आणि पाण्यावरचा वारा त्याहून बोचरा असतो. बोटे उघडी राहणारे लोकरीचे हातमोजे तिथेच घ्या. शिवाय सौ.ना दिवसभर वाळूवर बसवून ठेवू नका. न्यूबरीपोर्टचा जुना बाजार विटांच्या इमारतींचा आणि फार देखणा आहे, तिथे त्यांची दुपार सहज जाईल.

नर्मदाकाठ

एक छोटी पुस्ती जोडतो. तिथे पोहोचल्यावर लगेच काठी जोडू नका. पाच-दहा मिनिटे पाण्याकडे पाहा. सीगल एका ठिकाणी घिरट्या घालून खाली सूर मारत असतील तर त्याखाली बास आहेत असे समजावे. पक्षी नुसते पाण्यावर बसलेले असतील तर त्याला फारसा अर्थ नाही. पक्षी नसतील तर गुळगुळीत वाहणारे पाणी आणि खळखळणारे पाणी यांच्यामधली रेषा शोधा आणि जिग त्या रेषेच्या खळखळत्या बाजूला टाकून शांत बाजूला येऊ द्या. बाजूला उभ्या असलेल्या स्थानिक माणसाला काल काय लागले ते विचारायला संकोच करू नका. जागा कोणी सांगत नाही, पण जिगचा रंग सगळे सांगतात.

रावपुरेकर

होडी रद्द केली आहे, सॉल्सबरीची वाळू आणि घडीची खुर्ची नक्की. मुलाच्या मित्रालाही काठावरच बोलावले आहे. परवाना दोघांनाही लागेल, की गरवणारा मी एकटाच असल्याने माझ्या एकट्याचा पुरेल?

दांडियाबाजार

ज्याच्या हातात काठी, त्याचा परवाना. आपण चहा पीत असताना मुलाने क्षणभर काठी धरली आणि नेमका त्याच वेळी तपासनीस आला, तर "वडिलांची आहे" हे उत्तर चालत नाही. तिघांचेही काढून ठेवावेत. तो त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतो, त्यामुळे मुलाचे शुल्क अगदीच वाया जाणार नाही.